लोखंडाचें वय

नेवासें तालुक्यांतील सोनई हें गांव ऊस, साखर कारखाना आणि बाजार यांकरितां आसपासच्या मुलखास ठाऊक आहे. पण बाहेरगांवच्या माणसास तें बहुधा शनिशिंगणापूरच्या वाटेवरचें गांव म्हणूनच भेटतें. शनिवारीं, आणि त्यांतून शनि-अमावास्या असली म्हणजे, या वाटेनें माणसांची रीघ लागते. कोणाच्या हातीं तेल, कोणाच्या हातीं रुईच्या पानांची माळ, आणि परततांना पुष्कळांच्या बोटांत घोड्याच्या नालेची अंगठी. शनीचा धातु लोखंड, म्हणून लोखंडानेंच त्याची शांति. शिंगणापुरांत घरांना दारें नाहींत ही गोष्ट तर देशभर झाली आहे; २०११ सालीं एका बँकेनें तेथें कुलुपावांचून शाखा उघडली. या गांवाचा दाखला देऊन आमचे कित्येक सुशिक्षित मित्र आम्हांस विचारतात: शनि हा वायूचा प्रचंड गोळा आहे, तो कोणास शासन करीत नाहीं, असें तुम्ही लोकांस पटवून दिलेंत तर उद्यां त्या घरांना दारें बसवावीं लागतील, तें पाप कोणाच्या माथीं?

हा प्रश्न थट्टेवारी नेऊं नये. पण त्याचें उत्तर देण्यापूर्वीं त्या अंगठीची जन्मकथा पाहिली पाहिजे.

आरंभीं लोखंड नव्हतेंच. सुमारें १३८० कोटि वर्षांपूर्वीं विश्व अत्यंत तप्त व दाट अवस्थेंत होतें. तें पसरूं व निवूं लागलें, आणि पहिल्या कांहीं मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि लिथियमचा अंशमात्र, एवढेंच काय तें भांडवल जमलें. बाकीचा संसार मुख्यतः ताऱ्यांनीं मांडला. तारा स्वतःच्या भारानें आंत कोसळूं पाहतो, आणि पोटांत हायड्रोजनचें हेलियम होतांना निघणारी उष्णता त्यास तोलून धरते. आमचा सूर्य या कामीं बेतानें खर्च करणारा गृहस्थ आहे. ४६० कोटि वर्षें त्याचा प्रपंच चालला आहे आणि जवळजवळ तितकींच वर्षें पुरेल एवढी शिल्लक त्याजपाशीं आहे. पुढें तो फुगून तांबडा होईल, बाहेरचें आवरण सोडून देईल आणि एक लहानसा श्वेत निखारा मागें उरेल.

मोठ्या ताऱ्यांचें तसें नाहीं. ज्याची इस्टेट मोठी त्याची उधळपट्टी त्याहूनहि मोठी. आमच्या शेतकऱ्यास पावसाच्या नक्षत्रामुळें परिचित असलेल्या आर्द्रेचेंच पाहा. तिचें वय अवघें एक कोटि वर्षांच्या आसपास, आणि एवढ्यांतच ती म्हातारी होऊन फुगली आहे. येत्या लाखभर वर्षांत केव्हां तरी तिचा स्फोट होईल असा अंदाज आहे. अशा ताऱ्याच्या पोटांत हेलियमपासून कार्बन, पुढें ऑक्सिजन, सिलिकॉन असें करीत मजल लोखंडापर्यंत येते आणि तेथें वाट संपते. कारण लोखंडाच्या अणुगर्भांच्या जुळणींतून उष्णता मिळत नाहीं, उलट द्यावी लागते. चूल विझली कीं गाभा एका सेकंदाच्याहि आंत कोसळतो आणि वरचा तारा फुटून आकाशांत उधळतो. लोखंडाचा मोठा वाटा दुसऱ्याहि एका रीतीनें, सोबत्याचें द्रव्य ओढून घेतां घेतां फुटणाऱ्या श्वेत ताऱ्यांतून, आलेला आहे. त्या राखेनें समृद्ध झालेल्या मेघांतून पुढें सूर्य, पृथ्वी आणि शनि हे एकाच सुमारास जन्मले. म्हणजे ज्या लोखंडानें आम्ही शनीची मनधरणी करतों तें शनीहून वयानें वडील आहे. घरच्या वडील माणसास घेऊन धाकट्याच्या पायां पडायला जावें, तसाच हा प्रकार. आणि त्या लोखंडापैकीं तीन-चार ग्रॅम तर प्रत्येक प्रौढ माणसाच्या शरीरांतच असतें.

ताऱ्यांच्या भट्टींत मूलद्रव्यें घडतात हें १९५७ सालीं ज्या चौघांनीं साधार मांडलें त्यांत फ्रेड हॉइल हे एक. आणि गंमत ही, कीं ज्यांनीं लोखंडाचा जन्म सांगितला त्यांनाच विश्वाचा जन्म मान्य नव्हता. आदिस्फोटास आज रूढ असलेलें इंग्रजी नांव त्यांनींच १९४९ सालीं नभोवाणीवर बोलतांना वापरलें, तेंहि विरोधक म्हणून. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मले. १९६४ सालीं या गुरुशिष्यांनीं गुरुत्वाकर्षणाचा आपला नवा सिद्धांत मांडला. पुढच्याच वर्षीं विश्वभर पसरलेल्या मंद प्रारणाचा शोध लागला आणि बहुतेक विद्वान आदिस्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहींत. १९९३ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह आपली उपपत्ति सुधारून पुन्हा मांडली आणि मे २०२५ मध्यें निधन होईतों ते अल्पमतांतच राहिले. आमच्या मतें पुरावा दुसऱ्या बाजूस जड आहे. पण म्हणून त्यांच्या मागें कोणतीहि साडेसाती लागली नाहीं. १९८८ सालीं त्यांनीं पुण्यांत उभारलेल्या आयुकेंत त्यांचें मत न मानणारेहि मोकळेपणानें काम करीत राहिले. याच गृहस्थांनीं २००८ सालीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साह्यानें दोनशें मुलांच्या कुंडल्या जमविल्या; निम्मीं मुलें हुशार, निम्मीं बुद्धीनें अधू. सत्तावीस ज्योतिषांनीं प्रत्येकीं चाळीस कुंडल्या पाहून उत्तरें पाठविलीं. नाणें उडवून जें यश मिळालें असतें त्याहून त्यांची सरासरी वर गेली नाहीं.

आतां मूळ प्रश्न. भीति गेली तर नीति राहील काय? शिंगणापूरपासून सोनई दोनएक कोसांवर. सोनईस दारें आहेत, कुलुपें आहेत. शनि मात्र दोन्ही गांवांवर एकच. म्हणून सोनईचीं माणसें अधिक अप्रामाणिक आहेत असें कोणी म्हणेल काय? तेथेंहि दुकानदार वहीवर उधारी लिहितो, आणि पैसे हातीं पडण्यापूर्वीं शेतकरी आपला ऊस कारखान्यांत नेऊन टाकतो. हा विश्वास शनीच्या धाकानें उभा राहिलेला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीनें, गरजेनें आणि कित्येकदां ठेच लागून उभा राहिला आहे. उलट भीतीचा हिशेब पाहा. शनि एका राशींत सुमारें अडीच वर्षें असतो, आणि साडेसाती तीन राशींची. म्हणजे कोणत्याहि घटकेस बारांपैकीं तीन राशींचीं माणसें, चतुर्थांश मानवजात, तिच्यांत सांपडलेली असते. जी भीति घर राखते तीच एखाद्या आईस शांतीसाठीं अंगावरचा दागिना मोडावयास लावते. आणि तिच्याच आधारानें २०१६ पर्यंत स्त्रियांना त्या चौथऱ्यावर पाऊल ठेवतां येत नव्हतें.

ताऱ्यांच्या इतिहासांतून आमचें कर्तव्य निघत नाहीं, हें मात्र मान्य केलें पाहिजे. आर्द्रा फुटेल ती कोणाच्या पुण्यानें नव्हे कीं पापानें नव्हे, आणि चोरी करूं नये हें ती कधीं सांगणार नाहीं. तें आमचें आम्हांसच एकमेकांस सांगावें लागतें. याच तालुक्यांत, नेवाशास, शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरांनीं आपला ग्रंथ पुरा केला. त्याच्या अखेरीस त्यांनीं जें मागणें मागितलें त्यांत दुष्टांस शासन व्हावें असें नाहीं; त्यांचें वांकडेपण जावें असें आहे. शनिवारच्या गर्दींतले कितीजण वाट थोडी वांकडी करून नेवाशास जातात, हें एकदां कोणी मोजावयास हवें.