प्रश्न उद्भवत नाही

विधानसभेच्या तारांकित प्रश्नांच्या याद्या कुणी वाचत नाही. मी वाचतो. त्या याद्यांची एक भाषा असते. ती एकदा कळली, की आपल्या मढ्याला पाय न लावता सरकार पुढं कसं निघून जातं तेही कळतं.

प्रश्न असा असतो : अमुक गावी बौद्ध वस्तीवर हल्ला झाला, हे खरे आहे काय? असल्यास, पोलिसांनी फिर्याद घेण्यास टाळाटाळ केली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी करून दोषींवर कारवाई केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तर असं असतं : (१) हे अंशतः खरे आहे. (२) हे खरे नाही. (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

संपलं. माणूस अंशतः मार खातो का? घर अंशतः जळलं तर बाईनं चूल कुठल्या अंशात मांडायची? असलं एक उत्तर मी आमच्या वस्तीत एका म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "उद्भवत न्हाई म्हंजी रं काय? आमी ईचारलंच न्हाई व्हय?"

त्याच्या या एका वाक्यात संसदीय लोकशाहीचा सगळा पेच आहे. विचारलं तर आहे. छापूनसुद्धा आलंय. आणि तरी विचारलंच नाही असं झालंय. हे घडतं कसं, आणि याचं पाप कुणाच्या माथ्यावर, हा माझा सवाल आहे.

आधी घडतं कसं ते बघू. आमदार प्रश्न देतो. तो विधानमंडळ सचिवालयातून गृह विभागात जातो. तिथून पोलीस महासंचालकांच्या कार्यालयात, तिथून जिल्ह्याच्या अधीक्षकाकडं, तिथून उपविभागात, आणि शेवटी येऊन पडतो त्याच ठाण्याच्या टेबलावर, ज्या ठाण्याबद्दल तो विचारलेला असतो. माहिती तिथं लिहिली जाते. मग तो कागद उलटा प्रवास करतो. प्रत्येक पायरीवर एक सही चढते, भाषा जरा गुळगुळीत होते. ठाण्यात जे 'बांधावरून भांडण' असतं ते मंत्रालयात पोचेस्तोवर 'किरकोळ कारणावरून उद्भवलेला वाद' होतं. भांडण उद्भवतं, बघा. प्रश्न तेवढा उद्भवत नाही.

आपल्या भाषेत जबाब आणि जबाबदारी हे एकाच घरातले शब्द. आपल्या माणसाचा जबाब ठाण्यात घेतात. कुठं होतास, कशाला गेला होतास, तुला कुणी सांगितलं होतं तिकडून जायला. मार खाल्लेल्यालाच विचारतात. पण ठाण्याचा जबाब कुणी घ्यायचा? घटनेनं त्याचं उत्तर दिलेलं आहे : लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहानं. आणि होतं काय, तर सभागृह ठाण्याचा जबाब ठाण्याकडूनच लिहून घेतं. आरोपीनं स्वतःच कागद-पेन घ्यावं, स्वतःच स्वतःला सवाल करावेत, खाली स्वतःच सही करावी, असला तमाशा आपल्या कुठल्या पोराच्या नशिबी आलाय?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडला, तेव्हा अमेरिकेची पद्धत सोडून संसदीय पद्धत का घेतली ते समजावून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्या मापानं मिळत नाहीत, म्हणून आम्ही जबाबदारीला जास्त वजन दिलं. मतदार सरकारची झडती निवडणुकीला घेतात. सभागृहातले सदस्य ती रोज घेतात, प्रश्नांनी, ठरावांनी, चर्चांनी. म्हणजे प्रश्नोत्तराचा तास ही काही शोभेची वस्तू नव्हे. एक पद्धत टाकून दुसरी घेतली ती ह्याच रोजच्या झडतीसाठी. ती झडती खोटी निघाली तर आपल्या हातात राहिलं काय? पाच वर्षांतून एकदा बोटाला लागणारी शाई.

आता दोन घटना समोर ठेवतो. ११ जुलै १९९७. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली सकाळी दिसली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. पोलीस म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. खरं काय ते शोधायला न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमावा लागला. आयोगानं गोळीबार समर्थनीय नव्हता असं सांगितलं. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयानं २००९ साली जन्मठेप दिली, आणि पुढं अपिलात तो जामिनावर सुटला. बारा वर्षं! जे सभागृहानं रोजच्या झडतीत काढायचं, ते निघायला एक आयोग, एक खटला आणि बारा वर्षं लागली.

दुसरी घटना. १० डिसेंबर २०२४, परभणी. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी दगडफेक, जाळपोळ, मग वस्त्यांमधून धरपकड. धरलेल्यांपैकी कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. त्याच आठवड्यात नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री, जे गृहमंत्रीही होते, त्यांनी सभागृहाला सांगितलं की मारहाण झालेली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याबद्दल बोलत होता. पुढं न्यायदंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा हुकूम दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं त्याच महिन्यात दार बंद झालं.

इथं माझा खरा सवाल उभा राहतो. मंत्री सभागृहात उभा राहून हातातला कागद वाचतो. कागद खालून आलेला. उद्या तो कच्चा निघाला, तर मंत्री म्हणणार, "मला जे कळवलं ते मी सांगितलं." मग खोटं कोण बोललं? मंत्र्यानं फक्त वाचलं. सचिवानं फक्त पुढं पाठवलं. अधीक्षकानं फक्त खालच्याचं मान्य केलं. आणि ठाणेदार म्हणतो, मी काय सभागृहात बोललो थोडाच! एवढी मोठी शिडी, आणि एकाही पायरीवर पाप सापडत नाही.

मला ही शिडी ओळखीची वाटते. जातसुद्धा अशीच चालते. प्रत्येक पायरीवरचा माणूस म्हणतो, मी नाही केलं, वरून आलंय, पूर्वीपासून आहे. पाप सगळ्यांनी मिळून करायचं आणि वाटून असं घ्यायचं की कुणाच्याच वाट्याला काही येऊ नये.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. माहीत नव्हतं, ही मंत्र्याची सुटका होऊ शकत नाही. त्याचा गुन्हा माहीत नसण्याचा नाहीच. तो दुसऱ्या कुणाला न विचारण्याचा आहे. मेलेल्याची आई होती. वस्तीतल्या बाया होत्या. डॉक्टरचा कागद होता. ह्यांतल्या कुणाकडंही न जाता ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच कागदावर विश्वास ठेवायचा, ही निवड आहे. आणि निवडीची जबाबदारी असते. घटनेच्या १९४ व्या कलमानं सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल कोर्टात खेचता येत नाही. हे संरक्षण निर्भयपणे खरं बोलता यावं म्हणून दिलंय, ठाण्याचा कागद पवित्र करून घेण्यासाठी नाही.

वर दिल्लीला जावं तर तिथं दुसरं कुलूप. लोकसभेत विचारा, गृह मंत्रालय सांगतं की पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे सातव्या परिशिष्टाप्रमाणं राज्यांचे विषय आहेत. राज्यात विचारा, तर प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. विधी व न्याय विभागाकडं बोट करा, सरकारी वकील कुणाला नेमला, आरोपी सुटल्यावर अपील का केलं नाही, तर फाईल विचाराधीन आहे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला एका घरातली चार माणसं मारली. शिक्षा झाल्या, पण जातीवरून खून झाला हे ना भंडाऱ्याच्या कोर्टात ठरलं, ना २०१० साली नागपूर खंडपीठात. पहिल्या कागदावर जात उतरली नाही की वर कुठंच ती सहजी उतरत नाही. आणि पहिला कागद कुठं लिहितात? ठाण्यात.

कायदे नाहीत असं नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिलंय की केंद्र सरकारनं दरवर्षी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर अहवाल ठेवावा. १९९५ च्या नियमांत मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे, तिची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत व्हायला हवी. घटनेच्या ३३८ व्या कलमाखाली आयोगाचे अहवाल संसदेपुढं येतात, पण किती दिवसांत यावेत ते घटनेत लिहिलेलं नाही. पटलावर ठेवणे, हा शब्दप्रयोगसुद्धा बघा. मढं ओट्यावर ठेवतात तसा अहवाल पटलावर ठेवतात. इळयापेरुमल समितीचा अस्पृश्यांवरच्या अत्याचारांचा अहवाल १९७० साली संसदेपुढं आला. सभागृहाला त्याची धग लागली नाही. ती १९७२ साली मुंबईच्या झोपडपट्टीतल्या पोरांना लागली आणि पँथर उभी राहिली.

काही शहाणे म्हणतात, आमदारांनी पोलिसांच्या कामात नाक खुपसू नये, तपास स्वतंत्र हवा. बरोबर आहे. पण दोस्तांनो, आमदाराचा हात ठाण्यात आजही आहेच की. फिर्याद घेऊ नका, कलम लावू नका, आपला माणूस आहे, हे फोनवरून चालतं. फोन अंधारात होतो. प्रश्न उजेडात होतो. फोन एका माणसाला वाचवायला होतो, प्रश्न सगळ्यांच्या वतीनं होतो. हस्तक्षेप आणि देखरेख यांतला फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. फोन करणाऱ्या सभागृहाला प्रश्न विचारताना मात्र तपासाच्या स्वातंत्र्याची आठवण यावी, हे ढोंग आहे.

आणि आपले राखीव जागांवरचे लोक? महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींच्या २९ जागा आहेत. पुणे करारानं १९३२ साली त्यांना सगळ्या गावाच्या मतांवर उभं केलं, म्हणून गावाचा राग त्यांना परवडत नाही, हे मला कळतं. १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर जागा जाऊ शकते, हेही कळतं. पण प्रश्न विचारायला पक्षांतरबंदी आडवी येत नाही. 'अंशतः खरे' म्हटल्यावर उठून "कुठला अंश?" एवढं विचारायला पक्षादेश लागत नाही. तो उपप्रश्न जो गिळतो, तोही त्या शिडीवरची एक पायरी होतो.

माझी मागणी क्रांतीची नाही. ठाण्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर त्या ठाण्यानं लिहू नये. उत्तराखाली माहिती कुणी दिली त्याचं नाव आणि हुद्दा असावा. ज्यांच्यावर बेतलं त्यांचं म्हणणं उत्तरासोबत छापावं. आणि उत्तर चुकीचं निघालं तर मंत्र्यानं त्याच सभागृहात उभं राहून तसं सांगावं, ते आपणहून वृत्तान्तात यावं, आश्वासन समितीच्या कपाटात नव्हे.

एवढं झालं म्हणून वस्त्या जळायच्या थांबतील, असं मी म्हणत नाही. पण त्या म्हाताऱ्याला पुढच्या वेळी वाचून दाखवायला माझ्याजवळ 'खरे आहे' किंवा 'खरे नाही' यांतलं एक काहीतरी असेल, आणि खाली एका माणसाचं नाव. नाव असलं की जबाब घेता येतो.