न नांगरण्याचे शिक्षण

भाईंदरच्या केबिन रोडसारख्या वस्तीत, जिथे भाताची ओळख किराणा दुकानातल्या तांदळाच्या गोणीपासूनच सुरू होते, शेतीविषयी एक मत फार सहजपणे ऐकू येते: शेतकऱ्याला कोणीतरी शास्त्र शिकवले पाहिजे. या मतातला शहरी तोरा परिचयाचा आहे आणि त्यावर शब्द खर्चण्याचे कारण नाही. खटकते ते त्यामागचे गृहीत. ज्याच्याजवळ काही आहे त्याने ते नसलेल्याला द्यावे, एवढाच शिकवण्याचा अर्थ त्यात धरलेला असतो, आणि संवर्धन शेतीच्या बाबतीत तो अपुरा पडतो.

संवर्धन शेतीची तीन सूत्रे सांगितली जातात: मातीची हलवाहलव कमीत कमी करावी, जमीन पिकाने किंवा त्याच्या अवशेषांनी झाकलेली ठेवावी आणि पिकांची फेरपालट करावी. यांतले पहिले सूत्र विलक्षण आहे, कारण ते काही करायला सांगत नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या केले ते थांबवायला सांगते. म्हणून करण्याचे ज्ञान आणि न करण्याचे ज्ञान असा भेद येथे करावा लागतो. करण्याच्या ज्ञानाबरोबर बहुधा एखादी वस्तू येते, मग ते संकरित बियाणे असो, खताची गोणी असो किंवा ठिबकची नळी असो. ती अनुदानावर वाटता येते आणि कृषी सेवा केंद्राचा दुकानदार आपणहून तिचा प्रचारक होतो. न नांगरण्यात कोणाला विक्री साधत नाही, ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्याचे तर नुकसानच होते, आणि न नांगरलेले शेत रस्त्यावरून पाहणाऱ्याला मालकाच्या आळसाची जाहिरात वाटते.

रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील नेरळजवळ, सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले भातलागवडीचे तंत्र, जे एसआरटी या नावाने ओळखले जाते, हे या अडचणीचे जवळचे उदाहरण होय. कोकणातील भातशेती म्हणजे राब भाजणे, नांगरणी, चिखलणी (पाणी साठवून माती घोटणे) आणि लावणी. या तंत्रात सुरुवातीला एकदाच जमीन तयार करून साधारण एक मीटर रुंदीचे कायमचे गादीवाफे घालतात, लोखंडी साच्याने पंचवीस सेंटीमीटर अंतरावर खुणा पाडून भाताचे दाणे टोकतात, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात आणि त्याच वाफ्यांवर रब्बीत वाल किंवा हरभरा घेतात. चिखलणीमुळे मातीची कणरचना मोडते. उलट कुजणारी मुळे गांडुळांना खाद्य आणि हवापाण्याला वाट पुरवतात. ही कारणमीमांसा तासाभरात समजावता येते. परंतु सारे शिवार मशागतीला लागलेले असताना आपले शेत तसेच राहू देण्याचे धैर्य कारणमीमांसेतून येत नाही. ते शेजाऱ्याकडून येते, कारण त्याने तीच थट्टा सोसलेली असते आणि तेवढ्याच गुंठ्यांवर, त्याच पावसाच्या भरवशावर, तोच धोका पत्करलेला असतो.

नांगराची ही प्रतिष्ठा जुनी आहे. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बांध घालण्याची सूचना आहे, आणि शेतीची प्रदर्शने भरवून औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात व उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत अशीही आहे. यात विसंगती शोधणे अन्यायाचे ठरेल. कर्जापायी बैल गमावलेल्या कुणब्याच्या काळात न नांगरलेले शेत हे दारिद्र्याचे चिन्ह होते, आणि त्या चिन्हाची भीती ट्रॅक्टर आल्यावरही ओसरलेली नाही.

शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवण्यावर कृषितज्ज्ञांचा आक्षेप असतो तो असा की, शेतकऱ्याचा अनुभव एका तुकड्याचा आणि चार पावसाळ्यांचा असतो, आणि उत्पन्न वाढले ते वाफ्यामुळे की त्या वर्षीच्या पावसामुळे हे त्याला वेगळे करून सांगता येत नाही. अर्ध्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. 1989 मध्ये इंडोनेशियात सुरू झालेल्या शेतीशाळांमध्ये भातउत्पादक स्वतः कीटक मोजत आणि दोन तुकड्यांची तुलना करत. महाराष्ट्राच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही शेतीशाळेची पद्धत स्वीकारली. शिवाय तज्ज्ञाच्या प्रयोगक्षेत्रावर सावकाराचे देणे नसते, हेही विसरता येत नाही.

उरलेला अर्धा आक्षेप मात्र टळत नाही. एसआरटीत कापणीनंतरचे खुंट आणि तण मारण्यासाठी ग्लायफोसेटसारखे तणनाशक वापरले जाते. म्हणजे न करण्याच्या ज्ञानातही विकली जाणारी एक वस्तू शिरतेच, आणि बांधावरच्या गप्पांतून सर्वांत वेगाने पसरते ते त्या औषधाचे नाव आणि पंपाला किती टाकायचे हे प्रमाण. त्याचा दहा वर्षांनी मातीवर काय परिणाम होईल हे शेजारी सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. लावणी थांबली की घरच्या बाईची चिखलातली वाकणी थांबते, पण लावणीच्या मजुरीवर अवलंबून असलेल्या कातकरी बाईचे ते दिवस कोरडे जातात, आणि जिच्या नावावर सातबारा नाही तिला बांधावरच्या बैठकीचे बोलावणे सहसा जात नाही. शेजारधर्माची हद्द बहुधा जमीनधारकाच्या बांधापाशीच संपते.

मग शेजारी नेमके देतो काय? ज्ञान तज्ज्ञही देऊ शकतो, कदाचित अधिक चांगले. शेजारी देतो ती वेगळे वागण्याची मुभा. आणि हे मान्य केले तर आदर्श शेतकरी निवडून त्याच्याकडून इतरांना शिकवण्याची रूढ पद्धतच संशयास्पद ठरते. जागतिक बँकेच्या पाठबळाने 1970च्या दशकापासून पसरलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ योजनेत असेच संपर्क शेतकरी निवडले जात. ज्याच्याकडे विहीर, ट्रॅक्टर आणि पुरस्कार आहे त्याचे यश पाहून अल्पभूधारक एवढेच म्हणतो की त्याला जमते, आपल्याला कसे जमणार? गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराची रीत याहून निराळी होती. तेथे प्रत्येकाने स्वतः प्रयोग करून अनुभव एकमेकांना कळवायचे असत, त्यामुळे फसलेल्या प्रयोगालाही बोलायला जागा होती. संवर्धन शेतीला असा मध्यम कुवतीचा शिक्षक हवा, ज्याचे वाफे पहिल्या वर्षी तणाने भरले आणि जो ते लपवत नाही. त्याला मानधनापेक्षा, पहिल्या हंगामात येऊ शकणाऱ्या तुटीची हमी अधिक उपयोगी पडेल. आणि मोजमापाची जबाबदारी विद्यापीठाने घ्यावी, पण ते त्याच्याच शेतात, कर्जासह आणि तणासह.