गळा वेगळा, मत वेगळे

देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला नर्मदा, पलीकडे किशोरकुमारांचे खंडवा. वर देवासला टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे ‘भानुकुल’. दोघेही मनातले बोलून मोकळे होणारे, आणि दोघांच्या गाण्यावर त्याचा राग निघाला.

1976 सालची गोष्ट. आणीबाणीत सरकारच्या प्रचाराला गायचे किशोरकुमारांनी नाकारले. मे महिन्यात आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्यांची गाणी बंद झाली. तो गळा काय एका रात्रीत बेसूर झाला? गाण्याबद्दल सरकारची तक्रार नव्हतीच, नकार तेवढा खुपला होता. आणीबाणीनंतर शहा आयोगापुढे हे प्रकरण आले, तेव्हा त्या हुकमाचा लाजिरवाणेपणा सगळ्यांना कळला.

सरकारला दोष देणे सोपे आहे. पण हाच हुकूम आपण श्रोते रोज काढतो, त्याचे काय?

कुमार गंधर्वांचेच पाहा. कुमारजी देवधर मास्तरांचे शिष्य. 1948 साली क्षयाने खंगलेले असताना देवासला आले. गाणे बंद होते, तेव्हा माळव्याच्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली आणि त्या धुनांतून पुढे नवे राग बांधले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ 1965 साली छापून आला. घराण्याची चाकोरी मानणार नाही, हे त्यांनी कधी लपवले नाही. त्यावर दोन प्रकारची टीका झाली. कोणी म्हणाले, विलंबितात हवा तसा विस्तार होत नाही. ही टीका न्याय्य आहे की नाही, हे मैफलीत बसून ठरवता येते: ती आखूड तान, मध्येच सोडलेली जागा, अचानक वर फेकलेला लख्ख सूर ऐकावा आणि वाद घालावा. कोणी मात्र म्हणाले, जो घराणे मानत नाही तो कसला गवई! ही टीका करायला एक सूरही ऐकावा लागत नाही. म्हणूनच ती अन्यायाची.

उलट बाजूही तितकीच वाईट. आपल्या बाजूचे बोलतो म्हणून बेतास बात गाणाऱ्याला आपण डोक्यावर घेतो, आणि मन लावून रियाज करणारा, पण कशातच न पडणारा कोपऱ्यात राहतो.

मग कलावंताने काहीही बोलावे आणि आपण माना डोलवाव्यात? मुळीच नाही. कोणाची जात, धर्म, बाईपण त्याने हिणवले तर नाव घेऊन विरोध करावा, मैफलीला जाऊ नये. तो आपला हक्क आहे. 2024 मध्ये मद्रास म्युझिक अकादमीने कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णांना संगीत कलानिधी पुरस्कार जाहीर केल्यावर काही नामवंत गायकांनी तिथल्या कार्यक्रमांतून अंग काढून घेतले. त्यांची नाराजी कृष्णांच्या मतांवर होती, आणि तेवढे त्यांनी म्हणावे. पण मतांचा राग ‘त्याला गाता येत नाही’ या वाक्यात दडवला, की वादही खोटा आणि परीक्षणही खोटे.

गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धांपासून हे सुधारायला हवे. परीक्षकाच्या कागदावर सूर, लय, रागाची ओळख आणि उच्चार यांचेच रकाने असावेत. मुलीचे वडील कोणाच्या मोर्चात जातात, हे ठाऊक असलेल्या परीक्षकानेही तिचे गुण गाणे संपताच, टेबलावरून उठण्याआधी लिहून द्यावेत.