आधी विचारायचं

आमचं राजूर वणी तालुक्यात. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांचं गाव. इथं डोकं धुतलं की पहिला तांब्या काळा तरी उतरतो, नाही तर पांढरा. धंदा न्हाव्याचा. बाप धोकटी घेऊन घरोघर जायचा, बलुत्याची ज्वारी आणायचा. मी दुकान टाकलं. पण जे खाटेवरून उठत नाहीत, त्यांच्या घरी अजून जातो. कुणाला लकवा, कुणाचा खुबा मोडलेला, कुणाला नुसतं म्हातारपण.

निजलेल्या माणसाचं डोकं धुवायची एक रीत आहे. मान खाटेच्या कडेला घ्यायची. मानेखाली टॉवेलची गुंडाळी, तिच्याखाली प्लास्टिक, प्लास्टिकचं टोक खाली घमेल्यात. कानात कापूस. पाणी आधी आपल्या मनगटावर पाहायचं. लकव्याच्या माणसाला कधी चटका कळत नाही, आणि कळला तरी सांगता येत नाही. हे सारं मी लवकर शिकलो. एक गोष्ट मात्र उशिरा शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका घरून बोलावणं आलं. म्हातारी वर्षभर खाटेवर. केसांच्या जटा झालेल्या, उवा पडलेल्या. मुलगा म्हणाला, "काढूनच टाक न भाऊ सारे. धुवाले सोपं जाते." मलाही पटलं. सून राबून राबून थकलेली, तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? मशीन लावली. दहा मिनिटांत काम झालं. म्हातारी काहीच बोलली नाही. तिनं चाचपडत पदर शोधला, डोक्यावर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं. मुलानं पैसे दिले, मी घेतले.

पुढं एका सभेत ऐकलं की १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाकारलं होतं. ऐकून छाती फुगली. आपल्याच धंद्यातली माणसं! आणि लगेच ती म्हातारी आठवली.

तुम्ही म्हणाल, तिथं रूढी होती, इथं सोय. उवा होत्या, तिच्याच भल्याचं केलं. खरं आहे. पण दोन्हीकडं ठरवलं घरच्यांनी, हात न्हाव्याचा, आणि जिचं डोकं तिला कोणी विचारलं नाही. मला वाटतं, रूढीला नाही म्हणणं एका परीनं सोपं, कारण ती वाईट आहे हे उघड दिसतं. सोय मायेनं बोलते, तिला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

विचारणं फुकट होत नाही, हेही सांगतो. जटा सोडवायच्या तर खोबरेल तेल, बोटं आणि दोन-तीन फेऱ्या लागतात. पैसे एकाच फेरीचे मिळतात. नंतरची वेणीफणी सुनेच्याच गळ्यात. म्हणून मी घरच्यांना दोष देत नाही. एका आजीनं तर स्वतःच सांगितलं, "काढ बाप्पा, डोकं जड झालं." काढले. ती हसली. मुद्दा केसांचा नव्हताच. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या डोक्यावर आधी नुसता हात ठेवतो आणि वाट पाहतो. मान आखडली तर त्या दिवशी फक्त धुतो, कापत नाही.

त्या म्हातारीकडं मी पुन्हा गेलो. केस बोटभर वाढले होते. खाटेपाशी बसलो आणि विचारलं, "माय, डोकं धुवून देऊ का?"

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मांगं काहून नाही इचारलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बसून राहिलो. पाणी निवालं, सुनेनं पुन्हा तापवून आणलं. तेव्हा कुठं तिनं आपल्या हातानं पदर मागं सारला.