दोन फुटी टाकीतले नऊ मासे

घरात माशांची टाकी आणायचं ठरतं तेव्हा माशांचा आकडा बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. नऊ. आठ सोनेरी आणि एक काळा. वास्तू आणि फेंगशुई यांच्या सरमिसळीतून हा आकडा आपल्याकडे रुजला. आता तो दुकानदारालाही पाठ आहे आणि गिऱ्हाइकालाही. टाकी मात्र जागा आणि खिसा पाहून घेतली जाते. फ्लॅटमध्ये ती बहुधा दोन फुटी असते: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आकडा श्रद्धेने ठरला, टाकी टीपॉयच्या मापाने. दोघांचा मेळ बसतो का, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

तो मेळ घालून पाहणं अवघड नाही. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि हजाराने भागायचं, की लिटर मिळतात. ६० गुणिले ३० गुणिले ३०, म्हणजे ५४ लिटर. पण टाकी काठोकाठ कुणी भरत नाही. तळाशी दोन बोटं खडी असते, त्यावर कुणी प्लास्टिकचा किल्ला ठेवतं, कुणी शंख-शिंपले मांडतं. ते सगळं वजा केलं तर माशांच्या वाट्याला जेमतेम ४५ लिटर पाणी येतं. आंघोळीच्या तीन बादल्या.

आता मासे. जुना ठोकताळा असा, की एका गॅलनला एक इंच मासा. गॅलन अमेरिकी, साधारण पावणेचार लिटरचा. ४५ लिटर म्हणजे १२ गॅलन, म्हणजे १२ इंच मासे. दुकानातला गोल्डफिश दीड इंचाचा दिसतो, नऊ घेतले तर साडेतेरा इंच होतात. थोडं जास्त आहे, पण चालून जाईल असं वाटतं. ठोकताळा इथेच फसवतो, कारण दुकानात आपण जे पाहतो ते पिल्लू असतं. नीट सांभाळलेला गोल्डफिश सहा इंचांपर्यंत सहज वाढतो. साध्या, लांबट जातीचा त्याहूनही मोठा होतो. दहा-पंधरा वर्षं जगणं त्याला जड नाही. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली, वयाच्या ४३व्या वर्षी मेला. आपल्या टाकीतला वर्षभर टिकला तरी आपल्याला समाधान वाटतं.

दीड इंचाचा मासा सहा इंचांचा होतो तेव्हा त्याची लांबी चौपट होते, पण सोबत उंची आणि जाडीही चौपट होते. चार गुणिले चार गुणिले चार. वजन चौसष्टपट झालेलं असतं. खाणं, श्वास आणि विष्ठा या वजनाच्या मागोमाग वाढतात, इंचांच्या नाही. म्हणून मासे पाळणारे जुनेजाणते लोक पहिल्या गोल्डफिशला सुमारे ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला आणखी ४० लिटर पाणी धरतात. नवांना ३९५ लिटर झाले. म्हणजे पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी हवी. आपल्या दोन फुटी टाकीत या हिशेबाने एकही गोल्डफिश बसत नाही.

यावर दुकानात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘काळजी करू नका, मासा टाकीएवढाच वाढतो.’ हे वाक्य मला फार अस्वस्थ करतं, कारण वरवर पाहता ते खरं वाटतं. लहान टाकीतले मासे लहान राहतात हे अनेकांनी पाहिलेलं असतं. पण पाण्यात साचत गेलेल्या घाणीने त्यांची वाढ खुंटलेली असते. खुंटलेल्या वाढीला आपण जुळवून घेणं म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारत नाही.

ही घाण डोळ्यांना दिसत नाही, तीच खरी अडचण. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच होतो. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टाकी, खडी, पंप आणि नऊ मासे एकाच संध्याकाळी घरी आणतो. त्यातच आपल्याकडचं पाणी. देशावर बोअरचं पाणी जड, अल्कधर्मी असतं. पाण्याचा सामू सातवरून आठवर गेला की त्यातल्या अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. टाकी तेवढीच, मासे तेवढेच, पण एका गावात जगतात आणि दुसऱ्या गावात पंधरा दिवसांत मरतात.

परिचयातल्या एका घरी मी अशी टाकी पाहिली. नऊच्या नऊ मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडझाप करत होते. कल्ल्यांच्या कडा लालसर झाल्या होत्या, पंख अंगाला चिकटलेले. घरातली मुलगी आनंदाने म्हणाली, ‘बघा, मला बघितलं की लगेच खायला मागतात.’ आणि तिने चिमूटभर दाणे टाकले. ते मासे हवेसाठी वर आले होते. पाण्यात प्राणवायू कमी आणि कल्ले अमोनियाने पोळलेले, म्हणून हवेला लागून असलेल्या पाण्याच्या थरातून मिळेल तेवढा श्वास ते घेत होते. तिचे दाणे तळाशी गेले, कुजले आणि उद्याच्या अमोनियात भर पडली. त्या मुलीच्या मायेत काहीही खोट नव्हती. तिला माशाची खूण वाचायला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच.

पुढे त्यातले तीन मासे मेले. घरातल्या आजींनी हात जोडले आणि म्हणाल्या, घरावरचं संकट त्यांनी अंगावर घेतलं. ही समजूत तुम्हीही ऐकली असेल. तिच्यामागचा भाव मला कळतो. एका मुक्या जिवाचं मरण वाया गेलं नाही, असं त्या स्वतःला सांगत होत्या. त्यात कृतज्ञता आहे. पण या समजुतीमुळे मासा का मेला, हा प्रश्नच घरात उभा राहत नाही. रविवारी तीन नवे मासे येतात, आकडा पुन्हा नऊ होतो आणि तेच पाणी त्यांचीही वाट पाहत असतं. मेलेल्या माशाचे आभार मानणाऱ्या घराने त्याच्या मरणाचं कारणही शोधावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. श्रद्धेला त्यामुळे धक्का लागत नाही.

इथे मला खरा मुद्दा मांडायचा आहे. टाकीत किती मासे राहतील हे आपण चांगला दिवस धरून मोजतो. पंप चालू आहे, फिल्टर स्वच्छ आहे, घरात माणसं आहेत, हवा गार आहे. नदीवर पूल बांधणारा अभियंता रोजचं पाणी धरून कमानी उभारत नाही, तो महापूर धरतो. टाकीचं मापही तिच्या सगळ्यात वाईट दिवसावर ठरायला हवं.

तो दिवस कसा असतो, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. मे महिना, जळगाव किंवा चंद्रपूर, बाहेर पंचेचाळीस अंश. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे पाणी तापतं तसा प्राणवायू घटतो आणि नेमक्या त्याच वेळी माशाची त्याची गरज वाढते. गोल्डफिश तर मुळात थंड पाण्यातला मासा. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी तो तळ्यांमध्ये जोपासला गेला. अशा दुपारी वीज जाते. बुडबुडे थांबतात, फिल्टर थांबतो आणि काही तासांत स्पंजवरचे जिवाणूही गुदमरू लागतात. किंवा गणपतीचे पाच दिवस घर बंद असतं. खाणं टाकायला सांगितलेला शेजारचा मुलगा जीव लावून मूठभर टाकून जातो. अशा दिवशी ४५ लिटर पाण्यात मोजकेच छोटे जीव असतील तर ते तग धरतात. नऊ गोल्डफिश असतील तर संध्याकाळपर्यंत सगळे उताणे तरंगतात, आणि मग आपण विजेला किंवा त्या मुलाला दोष देतो. खरं तर हे मरण आपण मासे विकत घेतले त्याच दिवशी ठरलेलं असतं.

माशाला एवढं काय कळतं, असं विचारणारे भेटतात. २००३ साली लीन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर केलेल्या प्रयोगात त्यांच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे चेतातंतू आढळले. ओठाला आम्ल टोचलेले मासे खडीवर ओठ घासत राहिले आणि कितीतरी वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. गोल्डफिशला तीन सेकंदांचीच आठवण असते हेही खोटं. शिकवलेली गोष्ट तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव, आणि ज्या पिंजऱ्यात वा भांड्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही त्यात त्याला ठेवणं हा गुन्हा. इटलीत मोंझा शहराने २००४ साली गोल्डफिश गोल बाऊलमध्ये ठेवायला बंदी घातली, पुढच्या वर्षी रोमने. आपल्याकडे मात्र वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमध्ये अजून बाऊल वाटले जातात.

मग दोन फुटी टाकीत काय ठेवावं? जिवाणूंची वस्ती बसल्यावर सहा-सात नर गप्पी ठेवता येतात. नरच घ्यावेत. मादी एकदा फळली की महिनोन्‌महिने पिल्लं देत राहते, एका खेपेला वीस, तीस, कधी पन्नास. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं हेच मासे विहिरींत आणि डबक्यांत सोडतं, तेही याच गुणामुळे. नाहीतर आठेक निऑन टेट्रा. नाहीतर एकटा फायटर. हा मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणूनच दुकानात तो पाण्याच्या ग्लासाएवढ्या डब्यात जिवंत राहतो आणि विकला जातो. त्याला ४५ लिटर द्या. तो झाडांमधून कसा फिरतो, पानावर कसा विसावतो, हे डब्यात कधीच दिसणार नाही.

ज्यांच्या घरी आज नऊ गोल्डफिश आहेत त्यांनी घाबरून त्यांना नदीत किंवा तलावात सोडू नये. टाकी साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा दीड फुटाचा झाल्यावर लोकांनी असाच कुठे कुठे सोडला. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडतो. ते त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. तेव्हा आधी खाणं निम्म्यावर आणावं. रोज पाव टाकी पाणी बदलावं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून किंवा क्लोरीन घालवणारं औषध टाकून मगच वापरावं. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे जिवाणू वाचतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा. आणि सात मासे द्यावेत: ज्यांच्याकडे बंदिस्त सिमेंटचा हौद आहे त्यांना, किंवा दुकानदाराला. बरेच दुकानदार परत घेतात. पैसे मागू नयेत. उरलेल्या दोघांसाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी पुरते. भरल्यावर तिचं वजन दोनशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा तिला लोखंडी स्टँड घ्यावा.