यादीतलं प्रश्नचिन्ह

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत मतदार यादी घेऊन मी कोयनानगरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हिंडत होतो. आपल्या माणसापुढं बरोबरची खूण, समोरच्या गटातल्यापुढं फुली आणि 'बघू' म्हणणाऱ्यापुढं प्रश्नचिन्ह. पाटण तालुक्यात देसाई गट आणि पाटणकर गट घरोघर पिढ्यानपिढ्या ठरलेले. खुणा आणि फुल्या फारशा हलत नाहीत. म्हणून सगळी धावपळ प्रश्नचिन्हांमागं. भावकीतून सांगायचं, नाहीतर मुंबईत माथाडीत असलेल्या पोराकडून फोन करवायचा.

भात पिवळं पडू लागलं होतं. एका आजींच्या नावापुढं तिसऱ्यांदा प्रश्नचिन्ह आलं, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांचं मूळ गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेलं. पुढं उभारलेलं घर १९६७ च्या डिसेंबरातल्या भूकंपानं पाडलं. धरणग्रस्त म्हणून मिळायच्या जमिनीचे कागद अजून पिशवीतच. आपला माणूस निवडून आला की फाईल मार्गी लागेल, असं मी म्हणालो.

"कुठल्या टेबलावर हाय ती, ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"मग बघू, बाळा."

आजींच्या मनाची चलबिचल नव्हती. कितीतरी निवडणुका त्यांनी याच ओट्यावरून पाहिल्या होत्या. तयारी माझीच नव्हती, आणि मी त्यांना काठावरच्या समजत होतो. हे उमगलं तेव्हा मला खरोखर लाज वाटली.

कागदांवरचे क्रमांक उतरवून घेतले, कचेरीत चौकशी केली. दोन दिवसांनी जाऊन सांगितलं, "आजी, वारस नोंद राहिलीय. त्याला आमदार लागत नाही, तलाठ्याकडं अर्ज द्यायचा." आमच्या प्रचारप्रमुखांना हे आवडलं नाही. आजींनी मात्र चहा ठेवला आणि पहिल्यांदाच आमच्या उमेदवाराविषयी विचारलं: पोरांना इथंच काम मिळावं म्हणून तो काय करणार? मला माहीत होतं तेवढं सांगितलं, उरलेल्याला 'ठाऊक नाही' म्हणालो. मन वळवणं म्हणतात ते त्या तासाभरात घडलं असेल, तर ते आधी माझं वळलं.

निकालात विक्रमसिंह पाटणकर शंभूराज देसाईंना सहाशेहूनही कमी मतांनी हरवून निवडून आले. कुठली वाडी फिरली, याचे हिशेब तालुकाभर कितीतरी दिवस चालले होते.

पुढच्या वर्षी पेरणीआधी वारस नोंदीची नक्कल घेऊन आजींकडं गेलो. मत कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही. यादीत त्यांच्या नावापुढं प्रश्नचिन्ह तसंच आहे.