खालच्या दिशेला नमस्कार




या वेळी एक प्रश्न घेऊन आपल्यापुढे आलो आहे. ज्या कामगार संघटनेचे आपण सभासद नाही, तिच्या लढ्याशी आपले काही देणे-घेणे आहे का?

हा प्रश्न मला पुस्तक वाचून पडलेला नाही. मी ज्या इमारतीत नोकरी करतो, तिथले सफाई कामगार मागच्या हिवाळ्यात दोन आठवडे मुख्य दरवाजासमोर फलक घेऊन उभे होते. कंत्राटदार बदलला होता. नव्याने आल्या आल्या कामाचे तास कमी केले आणि आजारपणाची भरपगारी रजा बंद केली. त्या कामगारांत एक बाई होत्या. मला कधी उशीर झाला की माझ्या टेबलाखालची कचऱ्याची बादली त्या रिकामी करत असत. त्यांनी मला ओळखले आणि हात हलवला. मी नुसती मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून पार्किंगकडच्या दाराने आत जाऊ लागलो.

मला कुणी काही बोलले नाही. पण त्या रविवारी मंडळाच्या वंदनेत मैत्रीभावना करताना ते बाजूचे दार डोळ्यांपुढून हलेना.

माझ्याकडे कारणे होती आणि ती खोटी नव्हती. मी या देशात बाहेरून आलेला माणूस. कागदपत्रे अजून पूर्ण झालेली नाहीत. ते कामगार माझ्या कंपनीचे नव्हेत, कंत्राटदाराचे. युनियन त्यांची, भांडण त्यांचे. आपल्यापैकी अनेकांनी अशीच कारणे स्वतःला सांगितली असतील. ती तपासून पाहायची म्हणून याच देशातली एक जुनी गोष्ट आपल्यापुढे ठेवतो.

टेनेसी राज्यातले मेम्फिस शहर. १ फेब्रुवारी १९६८ रोजी जोराचा पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोशासाठी कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडले गेले. अशा जुन्या गाड्या बदला, ही कामगारांची मागणी आधीपासूनच होती. त्या काळी तिथले कामगार कचऱ्याचे टब डोक्या-खांद्यावरून वाहत आणि त्यांतले घाण पाणी अंगावर गळे. पाऊस पडला की कृष्णवर्णीयांना घरी पाठवून त्यांची मजुरी कापत, गोऱ्या मुकादमांचा पगार मात्र चालू राही. पूर्ण वेळ राबूनही अनेकांना सरकारी मदतीवर जगावे लागे.

१२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार कामावर गेले नाहीत. त्यांची संघटना होती 'अमेरिकन फेडरेशन ऑफ स्टेट, काउंटी अँड म्युनिसिपल एम्प्लॉइज'ची स्थानिक शाखा, क्रमांक १७३३. हा क्रमांकही बोलका आहे. १९६३ मध्ये संघटना बांधू पाहणाऱ्या ३३ जणांना कामावरून काढले होते. त्यांची आठवण म्हणून तो आकडा शाखेच्या क्रमांकात ठेवला गेला. त्या ३३ जणांपैकी टी. ओ. जोन्स हेच पुढे शाखेचे पुढारी झाले.

मागण्या पगाराच्या होत्या, सुरक्षिततेच्या होत्या. पण महापौर हेन्री लोब यांचे घोडे अडले ते एका मागणीवर. युनियनला मान्यता देणार नाही, असा त्यांचा हट्ट होता. का बरे? चार पैसे वाढवणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. एकदा मान्यता दिली, की समोरच्याला बरोबरीने टेबलाशी बसवावे लागते. लोब यांना ही बरोबरीच नको होती.

म्हणून त्या कामगारांच्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. चारच शब्दांचे इंग्रजी वाक्य होते: 'आय ॲम अ मॅन', मी माणूस आहे. साठीला टेकलेल्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरे लोक 'बॉय' म्हणून हाक मारत. पांढऱ्या केसांच्या आजोबांना पाटलाच्या पोराने 'अरे-तुरे' केलेले ज्यांनी घरात ऐकले आहे, त्यांना या फलकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. शहरातले बाकीचे कृष्णवर्णीय लोक, म्हणजे पाद्री, शिक्षक, दुकानदार, पहिल्या दिवसापासून या लढ्यात होते का? सगळे नव्हते. सहानुभूती होती, पण भांडण कचरावाल्यांचे होते. २३ फेब्रुवारीला नगर परिषदेच्या बैठकीनंतर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि मेस नावाचा डोळ्यांची आग करणारा फवारा मारला. मोर्चात पाद्रीही होते. फवाऱ्याने पाद्री आणि कचरावाला असा भेद केला नाही. दुसऱ्याच दिवशी सुमारे १५० पाद्री एकत्र आले आणि त्यांनी लढ्याला साथ देणारी नागरिकांची समिती स्थापन केली. मग रोज मोर्चे निघू लागले, बाजारपेठेतल्या दुकानांवर आणि शहरातल्या दोन दैनिकांवर बहिष्कार पडला, चर्चमधून संपकऱ्यांच्या घरांसाठी पैसा गोळा होऊ लागला. क्लेबोर्न टेंपल हे चर्च संपाचे घरच बनले.

त्या समितीचे प्रमुख होते रेव्हरंड जेम्स लॉसन. हे नाव नागपूरकरांनी जरूर लक्षात ठेवावे. १९५३ पासून सुमारे तीन वर्षे ते नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या अहिंसक लढ्याचा अभ्यास करून ते १९५६ मध्ये अमेरिकेला परतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच शहरात आपल्या आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्मदीक्षा घेतली. लॉसन यांचा मार्ग वेगळा, आपला वेगळा. तरीही माणसाने माणसापुढे ताठ मानेने उभे राहावे, या एका गोष्टीसाठी नागपूरच्या मातीशी नाते असलेला माणूस मेम्फिसच्या कचरावाल्यांच्या शेजारी उभा राहिला, याचे मला अप्रूप वाटते.

या गोष्टीतून मला जे टोचते ते असे: स्वतःच्या डोळ्यांची आग होईपर्यंत थांबायचे का? पाद्री उभे राहिले हे चांगलेच झाले. पण आपल्या डोळ्यांवर कुणी फवारा मारणार नाही. आपण वातानुकूलित मजल्यावर बसतो. मग आपण कधी उठायचे?

धम्म इथे काय सांगतो? सिगालोवाद सुत्तातला तरुण सिगाल रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करत असे. तथागतांनी त्याला त्या दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, आणि पायाखालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारे नोकर आणि कामगार. त्यांच्याबाबत मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. कामगारांचीही पाच कर्तव्ये आहेत. मालकाच्या आधी उठावे, नंतर झोपावे, दिलेलेच घ्यावे, काम नीट करावे, मालकाचे नाव राखावे.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आमच्या इमारतीसमोरच्या फलकांशी ताडून पाहा. आजारपण, सुटी, वेतन. तीच मागणी! मात्र सुत्तात मालकाचे कर्तव्य सांगितले आहे. मालकाने ते पाळले नाही तर काय, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही. ज्याला ते मिळायचे आहे त्याला मागण्याची ताकद नसेल, तर कर्तव्याची दया होते आणि दया कधीही काढून घेता येते. आमच्या कंत्राटदाराने रजा काढून घेतली तशी. कर्तव्याला हक्काचे रूप देण्यासाठी संघटना लागते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. मुंबईच्या नगरपालिकेतल्या कामगारांची संघटना त्यांनी उभी केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांशी मतभेद असतानाही त्यांच्यासोबत एक दिवसाचा संप केला. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना मालकांनी कामगार संघटनांना मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी मांडले. मेम्फिसचा महापौर ज्या एका गोष्टीवर अडून बसला, ती बाबासाहेब २५ वर्षांपूर्वी कायद्यात आणू पाहत होते.

पण संघटना म्हटली की सगळे पवित्र, असेही त्यांनी मानले नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राही. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम पडते, म्हणून त्याला पोर्टर होऊ देत नसत. आणि कामगारांचे पुढारी यावर गप्प होते. माझे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. साचे खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातून दोरा तोंडाने ओढावा लागे; महाराच्या थुंकीचा इतरांना विटाळ होईल म्हणून ते खाते बंद. लाल बावट्याखाली शेजारी उभे राहणारे सवर्ण कामगारही या बाबतीत मालकाच्याच बाजूचे. आजोबा म्हणत, "संपात आम्ही त्यांच्याबरोबर उपाशी राहिलो, पण साच्यावर त्यांनी आम्हाला येऊ दिलं नाही."

हे वाक्य ऐकत मी लहानाचा मोठा झालो. माझ्या आजोबांच्या शेजारी त्या वेळी कुणीतरी उभे राहायला हवे होते, असे मला नेहमी वाटत आले. तोच मी बाजूच्या दाराने आत गेलो.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा. संपात कुणाचे तरी नुकसान होतेच. कचरा साठतो, दुर्गंधी पसरते, आणि त्याचा त्रास गरीब वस्तीलाही होतो. राग वाढतो. २८ मार्च १९६८ ला डॉ. मार्टिन लूथर किंग यांच्या उपस्थितीतला मोर्चा हिंसक झाला, काचा फुटल्या, आणि लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. मग धम्म मानणाऱ्याने अशा वाटेला जावे का? माझे उत्तर असे, की मैत्री म्हणजे गप्प बसणे नव्हे. आणि लढा न्याय्य आहे म्हणून त्यातली प्रत्येक कृती न्याय्य होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी मनात धरणे अवघड आहे. त्या दिवसानंतर लढा सोडून देणे सोपे होते. डॉ. किंग पुन्हा मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. चार दिवसांनी त्यांच्या पत्नी कोरेटा यांनी हजारोंच्या मोर्चाचे नेतृत्व केले. तो मोर्चा शांत होता. १६ एप्रिलला, आपल्या भीमजयंतीनंतर दोन दिवसांनी, तडजोड झाली. ताशी वाढ मिळाली १५ सेंटची, तीही दोन हप्त्यांत. पण युनियनला मान्यता मिळाली.

मग सभासद नसलेल्याचे देणे काय? प्रत्येकाने फलक घेऊन उभे राहावे, असे मी म्हणत नाही. ज्याचा व्हिसा नोकरीवर टांगलेला आहे, त्याच्या भीतीला मी भेकडपणा म्हणणार नाही. पण ज्यांच्या श्रमाने आपले टेबल स्वच्छ राहते, त्यांचे आपण काही लागत नाही, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या स्वस्त मजुरीचा वाटा आपल्यापर्यंत पोहोचतो. मालक एकटा कंत्राटदार नाही, थोडे आपणही आहोत. म्हणून निदान तोंड चुकवायचे नाही. विचारपूस करायची. इमारतीच्या व्यवस्थापनाला चार सह्यांचे पत्र द्यायचे. मंडळाच्या निधीतून दान द्यायचे असेल तर द्यावे, पण दान देऊन शेजारी उभे राहण्याची जबाबदारी फिटली, असे समजू नये.

आणि सुरुवात घरापासून. जयंतीला आपण शाळेचा हॉल भाड्याने घेतो. भाषणे होतात, जेवण होते, रात्री अकराला आपण गाड्या काढतो. नंतर तो हॉल कोण झाडते, त्याला किती मिळते, हे आपल्या कार्यकारिणीने कधी विचारले आहे का? मी स्वतः तीन वर्षे कार्यकारिणीत होतो. विचारले नाही. पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे.

आमच्या इमारतीत शेवटी समेट झाला. रजा परत मिळाली, तास मिळाले नाहीत. त्या बाई पुन्हा रात्रीच्या पाळीला येतात. मी त्यांची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्या दाराने बरेच जण जात होते." त्यांनी हे रागाने म्हटले नाही, म्हणूनच ते जास्त लागले.

त्या दाराने मी आता जात नाही. आपणही एकदा आपापल्या इमारतीचे बाजूचे दार आठवून पाहावे, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!